अमेरिकेत आठवीत शिकणाऱ्या मुलीला या देशाची स्थापना आणि राज्यघटना घरी कशी समजावून सांगावी?

तुम्ही लिहिलंय की शाळेत घटना सुरू झालीय, मुलगी प्रश्न विचारते आणि तुम्ही दोघं महाराष्ट्रात शिकलेले, त्यामुळे अडायला होतं. मी न्यू जर्सीत याच वयाच्या मुलांना समाजशास्त्र शिकवते. माझी शाळा साताऱ्यातली, म्हणजे हे सगळं मीही मोठेपणीच शिकले.

सनावळीपासून सुरुवात करू नका. १७७६ चं स्वातंत्र्य, १७८७ ची घटना, ती लिहायला जमलेले ५५ प्रतिनिधी, ३९ सह्या हे ती परीक्षेपुरतं घोकेलच. तिला त्या प्रतिनिधींचं भांडण द्या.

वर्गात मी एकाला व्हर्जिनिया करते, एकाला डेलावेअर. हातात १७९० च्या जनगणनेचे आकडे: व्हर्जिनिया सुमारे साडेसात लाख, डेलावेअर ५९ हजार. आता संसदेत कुणाला किती जागा ते ठरवा. पाच मिनिटांत आवाज चढतात. व्हर्जिनियाला डोकी मोजून जागा हव्यात, डेलावेअर म्हणतं मग आम्ही आलो कशाला? शेवटी कुणीतरी वैतागून सुचवतं, दोन सभागृहं करा, एकात लोकसंख्येप्रमाणे, दुसऱ्यात सगळे सारखे. १७८७ च्या जुलैत फिलाडेल्फियात हेच झालं.

मग दुसरी चिठ्ठी देते. व्हर्जिनियाच्या साडेसात लाखांत २ लाख ९२ हजार गुलाम आहेत. त्यांना मोजायचं का? इथे मुलं हमखास फसतात, पूर्ण मोजणं म्हणजे माणुसकी असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात पूर्ण मोजा हा आग्रह दक्षिणेतल्या मालकवर्गाचा होता. गुलामांना मत नव्हतंच, त्यांच्या डोक्यांवर जागा वाढणार होत्या त्या मालकांच्या. म्हणून घासाघीस होऊन तीन-पंचमांश ठरलं, म्हणजे पाच गुलाम मोजायचे तीन म्हणून. मागे एकदा व्हर्जिनिया झालेला मुलगा खुशीत म्हणाला, "सगळे मोजा!" मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "आणि मत कोण देणार?" तो हातातल्या चिठ्ठीकडे बघत बसला. त्या दिवशी मी पुढचं काही शिकवलं नाही.

आपल्यासारख्या पालकांचा घोळ होतो तो सेनेटपाशी, म्हणजे सगळ्यांना सारख्या जागा असलेल्या त्या दुसऱ्या सभागृहापाशी. आपल्या डोक्यात राज्यसभा असते, महाराष्ट्राचे १९, गोव्याचा १. इथे सर्वांत जास्त लोकसंख्येच्या कॅलिफोर्नियाचे २ आणि सर्वांत कमी लोकसंख्येच्या वायोमिंगचेही २. कारण इथे राज्यं आधी होती, संघ त्यांनी मिळून केला. आपल्याकडे संसद कायदा करून राज्य तोडू-जोडू शकते, इथे त्या राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय ते जमत नाही. हा एक फरक मुलीला नीट सांगितलात तर निम्मं काम झालं. (आणि हे शाळेत तिला कुणी सांगणार नाही.)

मूळ घटना वाचायला घाबरू नका. जेमतेम साडेचार हजार शब्द आहेत, एका बैठकीत होते. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याबरोबर तो लिहिणाऱ्या जेफरसनचा कच्चा मसुदाही वाचा. गुलामांच्या व्यापाराबद्दल त्यात इंग्लंडच्या राजाला दोष देणारा परिच्छेद होता, काँग्रेसने (वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने) तो काढला. जेफरसनच्या घरी स्वतःचे गुलाम होते, हेही सांगा, लपवू नका.

फिलाडेल्फिया आवाक्यात असेल तर भर उन्हाळ्यात न्या. घटना जिथे लिहिली त्या इंडिपेंडन्स हॉलमधली, सभेचे अध्यक्ष असलेल्या वॉशिंग्टनची खुर्ची खरी आहे, बाकीचं सामान बहुतेक त्या काळचं पण इतरत्रचं. बाहेर शब्द फुटू नये म्हणून प्रतिनिधी खिडक्या लावून बसायचे, हे ऐकल्यावर माझ्या लेकीने पहिला प्रश्न विचारला होता, "एसी नव्हता?"