तर्कशुद्ध स्वहिताचं तत्त्वज्ञान स्वतःच्या वाढीसाठी आणि आनंदासाठी कसं वापरावं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: हे तत्त्वज्ञान रोजच्या जगण्यात आणायचं कसं, आणि ते आणताना माणूस आप्पलपोटा होत नाही का. पहिलं नीट केलं की दुसऱ्याचं उत्तर त्यातच मिळतं, म्हणून सुरुवात वापरापासून करतो.

स्वतःचं खरं हित विचारपूर्वक शोधून त्यानुसार जगणं, हा या तत्त्वज्ञानाचा गाभा. आज हा विचार मुख्यतः अमेरिकन लेखिका आयन रँड (१९०५–१९८२) यांच्या वस्तुनिष्ठवाद (Objectivism) या तत्त्वज्ञानाशी जोडला जातो, पण त्याचं मूळ जुनं आहे. ॲरिस्टॉटलने आत्मप्रेमाचे दोन प्रकार सांगितले. पैसा, मान आणि सुखं यांतला मोठा वाटा स्वतःकडे ओढणारा एक, आणि बुद्धीला जे उत्तम वाटतं ते स्वतःकडून करून घेणारा दुसरा. रँड यांचं म्हणणं या दुसऱ्याच्या जवळ जातं. वाचणारे बहुतेक जण मात्र 'स्वहित' तेवढं उचलतात आणि 'तर्कशुद्ध' खाली ठेवतात. आपलं हित कशात आहे हे आपोआप कळत नाही. ते शोधावं लागतं, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

रँड यांच्या व्याख्येत त्याग म्हणजे कमी मोलाच्या गोष्टीसाठी जास्त मोलाची गोष्ट सोडणं, साध्या मराठीत आतबट्ट्याचा व्यवहार. परीक्षेसाठी सहा महिने करमणूक सोडली तर तो त्याग नाही. आजारी मुलापाशी रात्र जागणारी आईसुद्धा या अर्थाने त्याग करत नाही, कारण तिच्या लेखी मूल झोपेपेक्षा कितीतरी वर आहे. पण वर-खाली ठरवायला मूल्यांची उतरंड हवी, आणि बहुतेकांकडे ती फक्त धूसर कल्पनेत असते.

म्हणून ती कागदावर मांडा. दहा ओळी पुरेत. 'यश', 'समाधान' असले शब्द नकोत. 'चित्रकला इतकी शिकायची की समोरच्या माणसाचा चेहरा ओळखू येईल असा काढता यावा', 'मुलीशी रोज निवांत बोलणं', 'पाठदुखीशिवाय दिवस जाणं' असं ठोस लिहा. प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारा: हे मला मिळालं, पण कधीच कुणाला कळणार नसेल, तरी मला ते हवं आहे का? उत्तर 'नाही' आलं तर ती इच्छा दुसऱ्यांच्या नजरेतून उसनी घेतलेली आहे. लगेच खोडू नका, बाजूला फक्त खूण करा.

मग क्रम लावा. दहाही ओळी एकदम समोर ठेवून क्रम लागत नाही, सगळंच महत्त्वाचं वाटतं. जोड्या लावा. दहा गोष्टींच्या ४५ जोड्या होतात, साधारण अर्ध्या तासाचं काम. प्रत्येक जोडीला विचारा, 'पुढच्या तीन महिन्यांत यातली एकच मिळणार असेल तर कोणती?' निवडलेल्या गोष्टीला एक रेघ. शेवटी रेघा मोजा. 'आयुष्यभरासाठी' असा प्रश्न केलात तर उत्तरं पुस्तकी येतात, म्हणून मुदत छोटी ठेवायची. इथे हमखास होणारी चूक म्हणजे यादीत 'पैसा' लिहिणं. पैसा हे साधन आहे आणि साधनाची साध्याशी तुलना केली की सगळा क्रम बिघडतो. पैसा कशासाठी हवा आहे ते लिहा: कर्ज फेडणं, सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक, जे असेल ते.

यानंतर सात दिवस वेळेची नोंद. आठवड्याचे १६८ तास. झोपेचे ५६ गेले की ११२ उरतात. नोकरी, प्रवास, घरकाम वजा केल्यावर अनेकांच्या हाती ३० ते ४० तास राहतात. अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवा, पण ती रात्री एकदम आठवून लिहू नका. आठवणीत माणूस स्वतःला फार सवलत देतो. दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्याआधी अशी तीनदा लिहा. आठवड्याअखेरीस उतरंडीच्या प्रत्येक ओळीपुढे तिला मिळालेले तास मांडा. पहिल्या क्रमांकाला दोन तास आणि नवव्याला चौदा, असं चित्र दिसलं तर घाबरू नका. त्याचे दोन अर्थ निघतात: वागणं चुकतंय किंवा यादी खोटी आहे. लोक पहिलाच अर्थ धरून स्वतःला दोष देत बसतात. माझ्या मते यादी आधी तपासावी. जी गोष्ट करताना वेळेचं भान राहत नाही आणि नंतरही बरं वाटतं, तिला तुम्ही संकोचाने खालचा क्रमांक दिलेला असू शकतो.

पहिल्या महिन्यात फक्त तीन ते पाच तास खालून वर हलवा, आणि ते दिवसातल्या सर्वांत ताज्या वेळेत बसवा. सगळं वेळापत्रक एकदम उलथवलं तर दोन आठवड्यांत ते कोसळतं, आणि 'मला जमतच नाही' हा समज तेवढा पक्का होतो. आत्मसन्मान हे रँड यांच्या तीन प्रमुख मूल्यांपैकी एक आहे, बाकी दोन विवेक आणि उद्दिष्ट. स्वतःला दिलेला छोटा शब्द पाळत गेलं की आत्मसन्मान वाढतो, मोठा शब्द मोडला की खचतो.

आता इतर माणसं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते अगदी खरं आहे. कुणी काही मागितलं तर शक्य असेल तिथे उत्तराला एक दिवस मागून घ्या आणि तीन गोष्टी बघा. हा माणूस माझ्या उतरंडीत कुठे आहे? हे केल्याने वरच्या कोणत्या ओळीचे तास जातील? हो म्हटलं तर मनात अढी राहील का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर नकार देणंच दोघांच्या हिताचं, कारण कुढत केलेली मदत पुढे टोमण्यांतून वसूल केली जाते. नकार एका वाक्यात द्या: 'मला हे जमणार नाही.' खोटी सबब नको. प्रामाणिकपणा हा इथे उपकार नाही, स्वहितच आहे. एक सबब टिकवायला पुढच्या चार लक्षात ठेवाव्या लागतात. आणि जिवलग माणसासाठी धावून जाताना हिशेब मांडत बसू नका. तो तुमच्या उतरंडीत वर आहे, हिशेब आधीच झालेला आहे. दुसऱ्याला फसवून किंवा ओरबाडून मिळवणं मात्र या तत्त्वज्ञानात बसत नाही. तिथे व्यवहार देवाणघेवाणीचा आणि दोघांच्या राजीखुशीचा असावा लागतो. आप्पलपोटेपणाची शंका इथे मिटते.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे: भावना दाबणं. 'मी विवेकी आहे, मला राग येता कामा नये' असं म्हणत माणूस आतून कोरडा होतो. रँड यांचे एकेकाळचे निकटचे सहकारी आणि मानसशास्त्रज्ञ नॅथॅनिअल ब्रँडन यांनी पुढे याच मुद्द्यावर टीका केली, आणि मला ती पटते. भावना निर्णय देत नाही, पण माहिती नक्की देते. अस्वस्थ वाटलं तर पाच मिनिटं लिहा: काय घडलं, मी त्याचा काय अर्थ लावला, तो अर्थ खरा आहे का. ब्रँडन यांची वाक्यपूर्तीची पद्धतही उपयोगी आहे. 'आज मी पाच टक्के जास्त सजगपणे वागलो तर…' अशी सुरुवात घ्या आणि न थांबता, न खोडता सहा ते दहा शेवट लिहा. पहिले तीन-चार ठरावीक येतात, कामाचं त्यानंतर बाहेर पडतं. सोमवार ते शुक्रवार रोज सकाळी लिहा आणि शनिवार-रविवारी सलग वाचा.

आनंदाचं मोजमाप रोज करू नका. रँड यांच्या मते आनंद हे ध्येय आहे, पण निर्णयाची फूटपट्टी नाही. 'यातून मला आत्ता आनंद मिळेल का' हा प्रश्न माणसाला सोप्या गोष्टींकडेच ढकलतो. 'माझ्या उतरंडीतलं काय यातून वाढेल' असं विचारा. इंग्रज तत्त्वज्ञ हेन्री सिज्विक यांनी १८७४ मध्येच दाखवलं होतं की सुखाचा थेट पाठलाग केला की ते निसटतं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर या याद्या बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटा. त्या अवस्थेत उतरंड लिहिली तर दहाही ओळी निरर्थक वाटतात आणि माणूस तेच सत्य मानून बसतो.

तीन महिन्यांनी ४५ जोड्यांचं काम पुन्हा करा, जुना कागद न बघता. नंतर दोन्ही शेजारी ठेवा. दोन-तीन ओळींची जागा बदलणं चांगलंच, त्या काळात तुम्ही काही शिकलात. दहाही बदलल्या असतील तर पहिली यादी दुसऱ्या कुणाच्या तरी मनातली होती, तेव्हा त्या खुणा केलेल्या ओळी आता काढून टाका.