खांड आणि पाऊस

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र सोमवारी मिळाले. रात्री दोनदा वाचले, परंतु लगेच उत्तर लिहायला बसलो नाही, कारण अशा प्रश्नाला घाईने दिलेले उत्तर बहुधा खोटेच असते. वडिलांचा उजवा हात आणि वाचा गेल्याला तीन महिने झाले, तुझ्या नोकरीची मुदत वाढवून मिळाली नाही, घरासाठी काढलेल्या कर्जाचे दोन हप्ते थकले, आणि आईने देवाचा कौल घ्यायला देवळात मूर्तीला पाकळ्या चिकटवून प्रसाद लावला तेव्हा होकाराची उजवी पाकळी पडलीच नाही. एवढे लिहून शेवटी तू विचारले आहेस, ‘सर, आता कशाच्या जोरावर देवावर विश्वास ठेवू?’

हा प्रश्न विचारलास म्हणून तुझी श्रद्धा गेली असे मी समजत नाही. तक्रार करायलाही समोर कोणीतरी असावे लागते. आपल्या संतांनी विठ्ठलाला किती उणेदुणे बोलून घेतले आहे! तूही मनात साचलेले त्याला स्पष्ट बोल. गोड शब्दांची प्रार्थना सध्या जमत नसेल तर ती करू नकोस, पण बोलणे टाकू नकोस.

आता माझ्या लहानपणीची एक गोष्ट सांगतो, कारण विश्वास या शब्दाचा मला कळलेला अर्थ मी तिथे शिकलो. आमचे शेत गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या खाजनात, म्हणजे नदीकाठच्या सखल, बांध घालून राखलेल्या जमिनीत. मांडवीच्या खाऱ्या पाण्यापासून ते राखायला मातीचा बांध, आणि त्या बांधात मानस. मानसाची लाकडी दारे भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडतात. मी नववीत असताना अमावास्येच्या भरतीत बांध फुटून त्याला खांड पडली. सकाळी आम्ही पाहिले तर शेत आणि नदी यांत काही भेदच उरला नव्हता, आणि गुडघाभर वाढलेले भात पाण्याखाली आडवे झाले होते. पाणी ओसरल्यावर वडिलांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकून टाकली आणि काहीही न बोलता ते बांबू तोडायला गेले.

खांड बुजवणे ओहोटीच्या चार-पाच तासांतच शक्य असते. हिंदू, ख्रिस्ती, सगळा वाडा रांगेत उभा राहिला. बांबूचे खुंट ठोकायचे, मध्ये पेंढा दाबायचा, आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे सरकवायचे. पहिल्या दिवशी बुजवलेले रात्रीच्या भरतीने नेले. दुसऱ्या दिवशीही नेले. तिसऱ्या दिवशी मी चिडून वडिलांना म्हणालो, ‘शेत तर खारट झालेच आहे, आता बांध घालून काय मिळणार?’ मातीत भरलेले मीठ काढणे कोणाही माणसाच्या हातात नसते, ही माझी समजूत अगदी खरी होती. ते काम पावसाचे. वडील एवढेच म्हणाले, ‘पावसाला धुवायला शेत तरी आपले राहिले पाहिजे ना!’

त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी उमगला. खांड उघडी राहिली तर कितीही पाऊस पडो, प्रत्येक भरती नवे मीठ आणून टाकते, आणि काही वर्षांत तिथे खारफुटी मूळ धरते. बांध घातला म्हणजे पाऊस पडेलच असे नाही, आणि पडल्या पावसाने एका वर्षात सगळे मीठ जाते असेही नाही. आमचे पहिले वर्ष वाया गेले. दुसऱ्या वर्षी कोरगूट पेरले, कारण खारेपणा सोसणारे ते आमच्याकडचे जुने भात आहे. तरीही लोंब्या निम्म्याच भरल्या. घरात पुरेसे भात आले ते तिसऱ्या वर्षी. त्या दोन वर्षांत वडील रोज संध्याकाळी बांधावरून एक फेरी मारत, खेकड्याने पाडलेले भोक दिसले की मूठभर चिखलाने बुजवत, आणि घरी येऊन हातपाय धुऊन देवापुढे बसत. या दोन कामांत त्यांनी कधी फरक केल्याचे मला दिसले नाही.

तुझ्याही बाबतीत मीठ आणि खांड वेगळी करून पाहा. वडिलांची वाचा परत येणे किंवा न येणे तुझ्या हाती नाही. परंतु त्यांचा व्यायाम रोज ठरल्या वेळी करून घेणे तुझ्या हाती आहे. हप्ते थकल्यावर बँकेचा फोन न उचलणे ही उघडी खांड आहे. स्वतः जाऊन मुदत वाढवून मागणे तुझ्या हाती आहे. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेचे कार्ड अजून नव्याने करून घेतले नसेल तर या आठवड्यात घे. आणि पत्राच्या कडेला तू बारीक अक्षरात लिहिले आहेस की रात्री जगणे नकोसे वाटते. तो विचार एकट्याने सोसू नकोस. १४४१६ या टेलि-मानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते, आणि माझा फोन तर तुझाच आहे. मदत मागितल्याने देवावरचा विश्वास कमी होत नाही. आमच्या बांधावरच्या रांगेत कोणी तसे समजले असते तर खांड कधीच बुजली नसती.

पाकळीविषयी मात्र मला कळकळीने सांगायचे आहे. आईची श्रद्धा मोडू नकोस, पण पाकळी पडली नाही म्हणजे देवाने नकार दिला, असा अर्थ घरात रुजू देऊ नकोस. आणि कोणी खर्चिक शांत सुचवली तर तिच्यासाठी कर्ज काढू नकोस. देवाला देण्याघेण्याच्या व्यवहारात ओढले की फळ न दिसताच माणूस त्याच्यावर रुसतो.

आमच्या बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात पाडले. लिंग नदीपार नेऊन डिचोलीच्या बाजूला ठेवले गेले, आणि त्या जागेला जुन्याच गावाचे, नार्वे हे नाव मिळाले. तिथल्या देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा शिवाजी महाराजांनी दिली ती १६६८ साली. लिंग होडीत घालून नेणाऱ्यांपैकी कोणीही ते देऊळ पाहिले नाही. नार्वेच्या फेरीबोटीत बसलो की मला त्या माणसांची आठवण येते.

तुझे वडील बरे होतील असे आश्वासन मी देणार नाही. माझ्या पत्नीसाठी मी अकरा महिने रोज प्रार्थना केली, आणि ती गेली. त्यानंतर दीड महिना मी तुळशीपुढे दिवा लावला नाही. एका संध्याकाळी शेजारच्या ख्रिस्ती मावशी कुंपणापलीकडून आल्या, पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘मास्तर, तुमच्या अंगणातला दिवा पाहून मी माझे आमोरी, संध्याकाळची प्रार्थना, म्हणायला बसत असे. आता वेळ कळत नाही.’ मी उठून तेल घातले. मागितलेले मिळाले नाही, परंतु त्या दिवशी मला कोणी टाकलेले नाही हे समजले, आणि ते समजणे आजवर टिकले आहे.

येत्या गुरुवारी मी पहिल्या फेरीबोटीने जुन्या गोव्याला उतरून तुमच्याकडे येतो. दुपारपर्यंत वडिलांजवळ मी बसेन, तू तेवढा वेळ झोप काढ. बँकेची कागदपत्रे काढून ठेव. संध्याकाळी आपण दोघे मिळून अर्ज लिहू. आईला सांग, माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक करू नये, पेज चालेल.

तुझा,
सर