माडीवर पुस्तके नेण्याआधी

वाचनालयांच्या इमारतींविषयी येणाऱ्या पत्रांत तोच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो, म्हणून चार पत्रांना येथे एकत्र उत्तर देत आहे.

प्रश्न : किनाऱ्यालगतचा भूखंड एका दात्याकडून बक्षीस मिळत आहे. स्वीकारावा का? (विश्वस्त, दापोली तालुका)

उत्तर : सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध असलेल्या क्षेत्राच्या, नकाशावर तो कोठे येतो, हे लेखी कळल्याशिवाय बक्षीसपत्र करू नये.

प्रश्न : स्लॅब गळतो. एक ठेकेदार रसायन मारून दहा वर्षांची हमी देतो. काम द्यावे का? (ग्रंथपाल, सावंतवाडी)

उत्तर : गळतीचे कारण शोधल्याखेरीज मुळीच नाही. खाऱ्या हवेमुळे सळ्या गंजून काँक्रीट फुगले असेल, तर वरच्या रसायनाने ते आतून सडायचे थांबत नाही, आणि ठेकेदाराची हमी त्याच्या पावतीपलीकडे जात नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : २०२१च्या पुरात तळमजल्यावरचा संग्रह भिजला. आता सर्व पुस्तके माडीवर नेण्याचा ठराव झाला आहे. इमारत चिऱ्याची, माडी लाकडी तुळयांची. सुतार म्हणतो, खुशाल न्या. (कार्यवाह, खेड)

उत्तर : या ठरावाची अंमलबजावणी कृपया थांबवा. पुराची भीती मला समजते. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या १८६४ साली स्थापन झालेल्या संस्थेलाही २००५ आणि २०२१ अशा दोन महापुरांचा तडाखा बसला, आणि पुस्तके उंचावर असावीत हा आग्रह योग्यच आहे. पण पाण्यापासून वाचवलेली पुस्तके वजनाने माडी खाली आणू शकतात, याचा हिशोब कोणी मांडत नाही. भारतीय मानकानुसार घराच्या खोलीसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात; पुस्तकांच्या रॅकच्या खोलीसाठी तोच सुमारे ६०० किलो, आणि रॅक २.२ मीटरपेक्षा उंच असतील तर त्याहूनही अधिक. म्हणजे राहण्यासाठी बांधलेल्या माडीवर तिप्पट भार येतो, तोही रोज, वर्षानुवर्षे. त्यात तुळईची भिंतीत रुतलेली टोके ओलाव्याने आणि वाळवीने खालावलेली असतात, आणि ती बाहेरून दिसत नाहीत. सुताराचा अनुभव मोलाचा आहे, पण ‘अजून काही झाले नाही’ हा भारक्षमतेचा पुरावा नव्हे. आधी पुराची खूण मोजा, मग तुळयांची टोके उघडून इंजिनिअरला दाखवा. दुर्मीळ ग्रंथ तेवढे माडीवर, तेही भिंतीलगतच्या बुटक्या रॅकवर ठेवता येतील का, हे त्यालाच ठरवू द्या. उरलेल्या संग्रहासाठी तळमजल्यावर पुराच्या खुणेच्या वर फळ्या सुरू होणारे रॅक करता येतील का, हेही विचारा. या दोन्हींतले काहीच जमत नसेल, तर नवीन इमारतीचा विचार आतापासूनच करावा लागेल.

प्रश्न : अनुदान मंजूर होईपर्यंत आराखडा थांबवावा का? (अध्यक्ष, राजापूर तालुका)

उत्तर : नाही. थांबल्याने हाती कागदच नसतो, आणि अनुदानाची वेळ आली की घाईने कोणाचा तरी जुना नकाशा जोडला जातो. मातीची तपासणी आणि प्राथमिक आराखडा आधी करून ठेवा. राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाच्या तसेच कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांतील सध्याच्या अटी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडूनच समजून घ्या. शेजारच्या वाचनालयाला काय मिळाले यावरून अंदाज बांधू नका. पायाचे काम मात्र जूनपूर्वी जोत्यापर्यंत येणार नसेल, तर पाऊस सरल्यावरच सुरू करावे.