नागपुरात जिओकॅशिंग कसं सुरू करावं? स्वतःचा डबा ठेवायचा असेल तर काय बघावं?

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेला डबा (कॅशे) अ‍ॅपमधल्या को-ऑर्डिनेटवरून, म्हणजे अक्षांश-रेखांशावरून, शोधायचा आणि आतल्या वहीत (लॉगबुकात) नाव लिहायचं, असा खेळ. तुमचे प्रश्न दोन. अ‍ॅपमध्ये नागपूरभोवती मोजकेच कॅशे दिसतात आणि त्यातलेही काही जागेवर नसतात, असं का? आणि स्वतःचा डबा ठेवायचा तर कुठे आणि कसा?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. डबा ठेवणं अर्ध्या तासाचं काम, सांभाळणं मात्र वर्षानुवर्षांचं. ठेवणारा बदली होऊन गेला की डब्याला वाली राहत नाही. म्हणून निघण्याआधी शेवटचे पाच लॉग, म्हणजे आधी शोधून गेलेल्यांच्या अ‍ॅपमधल्या नोंदी, वाचा. ओळीने तीन 'सापडला नाही' असतील तर उन्हातान्हात जाऊ नका. गेलात आणि मिळाला नाही तर तसा लॉग न लाजता टाका, कारण मालकाला आणि रिव्ह्यूअरला (कॅशे तपासून मंजूर करणाऱ्याला) डबा गेल्याचं तेवढ्यावरूनच कळतं. सापडला नाही म्हणून स्वतःचा डबा तिथे टाकून 'सापडला' असं मात्र लिहू नका. जुना डबा दोन हात पलीकडे असतो आणि मग एका कॅशेचे दोन डबे होतात.

शोधताना मोबाइल शेवटच्या दहा-पंधरा मीटरपर्यंतच कामाचा. उघड्या आकाशाखाली तीन ते पाच मीटरची चूक धरा, दाट झाडीत किंवा बर्डीवर मेट्रोच्या पुलाखाली दहा-पंधराची. उभं राहिलं की बाण भिरभिरतो, तेव्हा फोन खिशात टाका आणि नजरेने शोधा. दगडाखाली किंवा ढोलीत हात घालायचा नाही, आधी काठी. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर विंचू अशाच जागी सापडतात.

को-ऑर्डिनेटच्या लिखाणात नवे लोक हमखास फसतात. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं लिहितात, तर गुगल मॅप दशांश अंश देतं. मॅपवरचं २१.१४५८ म्हणजे २१° ०८.७४८′, कारण ०.१४५८ ला ६० ने गुणायचं. तेच कोणी २१° १४.५८०′ असं भरलं तर डबा जवळजवळ ११ किलोमीटर उत्तरेला सरकतो. मिनिटाच्या दशांशातला शेवटचा आकडा एकाने चुकला तर फरक पावणेदोन मीटरच्या आसपास, मधला चुकला तर अठरा, पहिला चुकला तर एकशे ऐंशीच्या वर. स्वतःच्या डब्याची नोंद घेताना वेगवेगळ्या दिवशी तीन-चार वेळा रीडिंग घ्या, सरासरी काढा आणि ती सॅटेलाइट चित्रावर ताडून बघा. फोनऐवजी साधा हातातला जीपीएस वापरलात तरी चालतं. सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र मात्र आपल्या देशात परवान्याशिवाय बाळगता येत नाही, तेव्हा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून ते मागवू नका.

आता डबा. परदेशी व्हिडिओ बघून घेतलेला डबा इथे एक उन्हाळा काढतो आणि पावसाळ्यात रडतो. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात स्वस्त प्लास्टिक ठिसूळ होतं आणि आधी झाकणाच्या क्लिपा तुटतात. म्हणून चारी बाजूंनी क्लिप लागणारा, आत सिलिकॉनची रिंग असलेला जाड डबा घ्या आणि तो कायम सावलीत राहील अशी जागा निवडा. लहान डब्यासाठी पेटचा प्रीफॉर्म, म्हणजे बाटली फुगवण्याआधीची ती जाड नळी, उत्तम. तिचं झाकण आट्यांचं असल्याने पाणी सहसा शिरत नाही. फोटोच्या रोलची जुनी डबी दिसायला छान, पण झाकण नुसतं दाबून बसतं. पहिल्या झडीत आत लगदा.

पाणी शिरण्याचं मोठं कारण डबा नसतो, झिपच्या पिशवीचं टोक असतं. घाईत बंद करताना ते रिंगेत अडकतं आणि त्या केसाएवढ्या फटीतून पाणी झिरपतं. म्हणून पिशवी डब्यापेक्षा बरीच लहान घ्या. ठेवण्याआधी चाचणी करा: आत टिश्यू पेपर, वर दगड बांधून रात्रभर बादलीत बुडवा, सकाळी टिश्यू कोरडा हवा. भरायचा तोही कोरड्या हवेत. जुलैच्या दमट हवेत बंद केलेल्या डब्यात ती हवाच कोंडली जाते आणि रात्री तिचंच पाणी होतं. सिलिका जेलची पुडी टाका, पण रिंग गळकी असेल तर ती चार दिवसांत भिजून निरुपयोगी होते.

लॉगबुकसोबत पेन्सिलच ठेवा. जेल पेनची शाई ओलीने पसरते, बॉलपेन उन्हात गळतं. डबा मातीला टेकला आणि फट मिळाली की उधई कागद खाते, म्हणून खाली सपाट दगड द्या. खाऊ, औषधं, लायटर आत नको. सेमिनरी हिल्स आणि रामटेकच्या माकडांना डबा उघडायला तुमच्यापेक्षा कमी वेळ लागतो, त्यात वास आला तर संपलंच.

रेलिंगला चुंबकाने डबी लावायची असेल तर चुंबकाला दोष देऊ नका, गोंदाकडे बघा. ग्लू गनचा गोंद तापलेल्या लोखंडावर मऊ पडतो. डबी खाली आणि चुंबक वर, असा प्रकार होतो. दोन भाग मिसळायचं एपॉक्सी वापरा आणि त्याआधी प्लास्टिक पॉलिश पेपरने घासून घ्या.

जागा निवडताना ऋतू विसरू नका. ऑक्टोबरात कमरेएवढ्या गवतात लपवलेला डबा मार्चमध्ये उघडा पडतो. साग-पळसाची पानं झडतात, गवत वाळतं आणि कित्येक ठिकाणी पेटतं. मी तर सांगेन की जागा एप्रिलमध्ये ठरवा, तेव्हा लपली तर वर्षभर लपेल. खड्डा खणून पुरायचं नाही आणि झाडाला खिळा मारायचा नाही, हे नियमच आहेत. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागतं आणि मल्टी कॅशेच्या, म्हणजे एका टप्प्यावरून पुढच्याचा पत्ता मिळणाऱ्या कॅशेच्या, मधल्या डब्यांनाही ते लागू आहे.

कुठे ठेवू नये हे नागपुरात जास्त महत्त्वाचं. सीताबर्डी किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. वायुसेनानगर, अंबाझरीची आयुधनिर्माणी, कामठी छावणी, सोनेगाव विमानतळ, रेल्वे स्टेशन, विधानभवन, दीक्षाभूमीचा परिसर हे सगळं सोडा. बेवारस डबा दिसला की लोक पोलिसांना फोन करतात, आणि बरोबरच करतात. विजेच्या डीपीजवळ कधीच नको. गोरेवाडा आणि पेंच वनखात्याकडे, तिथे परवानगीशिवाय विषयच नाही. काटोल रोडवरच्या जुनापाणीची शिळावर्तुळं पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेली आहेत, तिथला एक दगडही हलवायचा नाही. बगीचा महापालिकेचा की नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) हे फाटकावरची पाटी सांगते, महाराजबाग कृषी विद्यापीठाकडे आहे. ज्याचा असेल त्याला विचारा. डबा पारदर्शक घ्या आणि वर मराठी-हिंदीत ठळक लिहा: 'हा खेळाचा डबा आहे, आत कागद-पेन्सिल आहे', खाली ईमेल. समोरच्या पानठेलेवाल्याला सांगून ठेवलंत तर अर्धी काळजी मिटते, हा माझा आवडता उपाय. कोणी 'काय हरवलं का?' विचारलं तर खोटं बोलण्यापेक्षा अ‍ॅप दाखवा.

डब्याशिवायही कॅशे होतो. नवा व्हर्च्युअल, म्हणजे नुसती जागा बघून नोंद करायचा कॅशे, सहसा टाकता येत नाही, पण अर्थकॅशे टाकता येतो. त्यात डबा नसतो. एखादी भूशास्त्रीय गोष्ट समजावायची आणि जागेवर बघूनच उत्तर देता येईल असे प्रश्न विचारायचे. नागपूर याबाबत श्रीमंत आहे. लाव्हा थिजून झालेला डेक्कन ट्रॅपचा बेसाल्ट आणि कामठीचा वालुकाश्म एकाच शहराच्या टप्प्यात मिळतात. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी टाकळीचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच अभ्यासले होते.

मल्टीची सुरुवात झिरो माइलवरून करण्याचा मोह होईल, आणि शोभेलही. तिथला दगड भारताच्या त्रिकोणमितीय महासर्वेक्षणाचा, आणि ते सर्वेक्षण सुरू करणारे विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटलाच वारले. पण दगडावरचं १९०७ हे साल किंवा १०२०.१७१ फुटांची उंची कोड्यात वापरू नका, दोन्ही घरबसल्या इंटरनेटवर सापडतात. जागेवरच मोजता येईल असं काही घ्या. रंगवलेल्या पाट्या टाळा, पुढच्या रंगकामात त्या बदलतात.

राहिली माणसं. एक इव्हेंट टाका, म्हणजे खेळणाऱ्यांची भेट जाहीर करा. तारखेच्या किमान दोन आठवडे आधी सबमिट करावा लागतो आणि किमान अर्धा तास चालायला हवा. पहिल्यांदा चारच जण आले तरी चालेल. हॉटेलची जाहिरात करू नका, काही विकत घेण्याची सक्तीही नको, नाहीतर रिव्ह्यूअर परत पाठवेल. फुटाळ्याच्या काठावर सकाळी सातला भेटा, तर्री-पोहे नंतर. त्या भेटीत एकच व्यावहारिक गोष्ट ठरवा: कोण कोणाच्या डब्याजवळ राहतं. पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर प्रत्येकाने शेजारचे दोन डबे उघडून बघायचे, ओला कागद दिसला तर फोटो मालकाला पाठवायचा. मालकाने आधीच होकार दिला असेल तर कागद तिथेच बदलायचा.