वाचकांचे प्रश्न : औषधांची आणि लसींची तीव्र अ‍ॅलर्जी कशी ओळखतात?

औषध किंवा लस घेतल्यानंतर आलेल्या ‘रिअ‍ॅक्शन’विषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. प्रत्येकाचा तपशील वेगळा असला, तरी बहुतेक प्रश्नांतली अडचण सारखीच आहे : रिअ‍ॅक्शन आली तेव्हा नेमके काय झाले आणि किती वेळाने झाले, याची धड नोंदच कोणी ठेवलेली नाही.

प्रश्न : दाढदुखीसाठी अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि डायक्लोफेनॅक या गोळ्या मी एकत्र घेतल्या. अर्ध्या तासात तळहातांना खाज सुटली, अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. रुग्णालयात इंजेक्शने दिल्यावर बरे वाटले, पण केसपेपरवर केवळ ‘औषधाची रिअ‍ॅक्शन’ असे लिहिले आहे. ही नेमकी कोणत्या गोळीमुळे आली, हे रक्ताच्या तपासणीतून कळेल का?

उत्तर : आपण एक प्रश्न विचारला आहे, परंतु त्यात दोन प्रश्न आहेत. जे झाले ते अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी तीव्र अ‍ॅलर्जी, होते का, हा पहिला. आणि ते कशामुळे झाले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळेत नव्हे, तर आपण लिहिलेल्या वर्णनातच आहे. काही मिनिटांत किंवा फार तर काही तासांत त्वचेवर गांधी, खाज किंवा सूज दिसणे आणि त्याच वेळी श्वास, रक्तदाब किंवा पोट यांपैकी कशावर तरी गंभीर परिणाम होणे, हा अ‍ॅनाफिलॅक्सिसच्या निदानाचा नेहमीचा निकष आहे आणि आपले वर्णन त्यात बसते. मात्र त्वचेवर काहीच दिसले नाही म्हणून अ‍ॅनाफिलॅक्सिस नाही, असे कोणी समजू नये. १० ते २० टक्के रुग्णांच्या त्वचेवर कोणतेही चिन्ह नसते, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्ण भुलीखाली व कापडाखाली झाकलेला असल्याने एकदम उतरलेला रक्तदाब हीच पहिली खूण असू शकते.

रक्ताची एक तपासणी या निदानाला बळकटी देते. अ‍ॅलर्जीच्या झटक्यात शरीरातील मास्ट पेशी फुटून हिस्टामिन आणि ट्रिप्टेज ही द्रव्ये बाहेर पडतात. हिस्टामिन तासाभरात रक्तातून नाहीसे होत असल्यामुळे ते मोजणे व्यवहारात जमत नाही. ट्रिप्टेज मात्र काही तास टिकते. लक्षणे सुरू झाल्यापासून एक ते दोन तासांच्या आसपास, आणि उशिरात उशिरा चार ते सहा तासांत, रक्त घेतले तर ते मोजता येते. मग प्रकृती पूर्ववत झाल्यावर, किमान २४ तासांनी, पुन्हा रक्त घेऊन त्या व्यक्तीची नेहमीची पातळी पाहावी लागते. ही दुसरी तपासणी बहुतेक वेळा राहून जाते आणि तिथेच घोटाळा होतो. नेहमीच्या पातळीची १.२ पट करून त्यात २ मिळवले की जी संख्या येते, तिच्याइतकी किंवा तिच्याहून अधिक पातळी झटक्याच्या वेळी आढळली, तर मास्ट पेशी फुटल्या असे मानतात. समजा आपली नेहमीची पातळी ५ (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) आहे. तर ८ ही आपली मर्यादा झाली. झटक्याच्या वेळी ती ९ असेल, तर प्रयोगशाळेच्या अहवालात तिच्यापुढे ‘सामान्य’ असेच छापलेले असेल, कारण बहुतेक प्रयोगशाळा साधारण ११.४ ही वरची मर्यादा धरतात. आपल्यापुरती मात्र ती वाढ अर्थपूर्ण आहे. उलट, ट्रिप्टेज वाढले नाही म्हणून अ‍ॅनाफिलॅक्सिस झालेच नाही, असाही निष्कर्ष काढता येत नाही. आणि हे रक्त उपचार थांबवून कधीही घ्यायचे नसते : मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन आधी, रक्ताची नळी नंतर.

आता दुसरा प्रश्न. अ‍ॅमॉक्सिसिलिनविरुद्ध शरीरात आयजीई प्रकारची, म्हणजे अ‍ॅलर्जी घडवणारी, प्रतिपिंडे तयार झालेली असू शकतात. ती रक्तात शोधण्याची तपासणी उपलब्ध आहे, पण ती खऱ्या रुग्णांपैकी अनेकांना हुकवते. त्यामुळे तिचा ‘निगेटिव्ह’ अहवाल हातात घेऊन निर्धास्त होऊ नये. त्वचेवरील चाचणी अधिक उपयोगी ठरते. ती झटक्यानंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी करतात, कारण नुकत्याच रिकाम्या झालेल्या मास्ट पेशी त्या आधी खोटे उत्तर देऊ शकतात. चाचणीपूर्वी अ‍ॅलर्जीच्या नेहमीच्या गोळ्याही काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. डायक्लोफेनॅकची गोष्ट निराळी आहे. वेदनाशामक औषधांच्या रिअ‍ॅक्शन पुष्कळदा प्रतिपिंडांशिवाय, त्या औषधांच्या रासायनिक कार्यामुळेच येतात आणि तिथे त्वचेची चाचणी फारसे काही सांगत नाही. म्हणून मी आपल्याला उलट विचारीन, की त्या प्रसंगाआधी किंवा नंतर आपण अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेतले आहे का, आणि घेतले असल्यास काय झाले? ती औषधे त्रासाविना चालत असतील, तर वेदनाशामकांच्या संपूर्ण गटाला असलेली अ‍ॅलर्जी बहुधा बाद होते आणि संशय अ‍ॅमॉक्सिसिलिनवर किंवा एकट्या डायक्लोफेनॅकवर उरतो. अंतिम उत्तर अ‍ॅलर्जीतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, अल्प मात्रेपासून सुरुवात करून औषध प्रत्यक्ष देऊन पाहण्याच्या चाचणीतून मिळू शकते. हा प्रयोग घरी करण्याचा विचारही मनात आणू नये. तोपर्यंत दोन्ही औषधे आणि त्यांची जवळची भावंडे वर्ज्य समजावीत, आणि रुग्णालयातून त्या दिवसाचा संपूर्ण केसपेपर, म्हणजे वेळ, रक्तदाब, ऑक्सिजन आणि दिलेली इंजेक्शने यांच्या नोंदींसह, मागून घ्यावा.

प्रश्न : मला लहानपणी पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी झाली होती, असे आई सांगत असे. आता मी पन्नाशीत आहे. ती अजून असेल का?

उत्तर : बहुधा नसेल, आणि कदाचित तेव्हाही नसेल. ज्यांच्या नोंदीत पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी लिहिलेली आहे, त्यांची रीतसर तपासणी केली असता दहापैकी नऊ जणांना ते औषध चालते, असे वारंवार आढळले आहे. लहान मुलांना ताप आला की प्रतिजैविक दिले जाते. ताप विषाणूचा असेल तर त्याचेच पुरळ अंगावर उठते आणि आळ औषधावर येतो. कॅनडातील माँट्रिअल येथे अ‍ॅमॉक्सिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्याचा संशय असलेल्या ८१८ मुलांना ते औषध देखरेखीखाली पुन्हा देण्यात आले, तेव्हा सुमारे ९४ टक्के मुलांना काहीही झाले नाही. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. शिवाय ज्यांना खरोखर अ‍ॅलर्जी होती, त्यांच्यातही पेनिसिलिन टाळत राहिल्यास प्रतिपिंडे ओसरत जातात आणि दहा वर्षांनी सुमारे ८० टक्के लोकांची संवेदनशीलता गेलेली असते.

जोखीम जोखण्यासाठी डॉक्टर एक सोपी गुणपद्धती वापरतात. रिअ‍ॅक्शन गेल्या पाच वर्षांतली असेल तर २ गुण, तीत अ‍ॅनाफिलॅक्सिस, चेहऱ्या-ओठांवरची सूज किंवा त्वचेची गंभीर इजा असेल तर २ गुण आणि त्यासाठी उपचार करावे लागले असतील तर १ गुण. बेरीज ३ पेक्षा कमी आली, तर खरी अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता ५ टक्क्यांहूनही कमी असते, आणि अशा व्यक्तीला त्वचेची चाचणी न करता थेट देखरेखीखाली गोळी देऊन पाहता येते. हे काम प्रकृती ठणठणीत असताना उरकून घ्यावे. ऐन आजारपणात त्या जुन्या नोंदीमुळे अधिक व्यापक परिणामाची आणि पुष्कळदा कमी प्रभावी असलेली दुसरी प्रतिजैविके द्यावी लागतात, आणि त्याची किंमत रुग्णालाच मोजावी लागते.

प्रश्न : प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्यापूर्वी हातावर थोडेसे टोचून पाहतात. तिथे काही उठले नाही, म्हणजे इंजेक्शन सुरक्षित ना?

उत्तर : नाही. पूर्वी कधीही रिअ‍ॅक्शन न आलेल्या व्यक्तीवर सरसकट केलेल्या अशा चाचणीला फारसा अर्थ नसतो. औषध किती पातळ केले आहे हे ठरलेले नसेल, शेजारी केवळ सलाइन आणि हिस्टामिन टोचून तुलना केली नसेल आणि १५ ते २० मिनिटांनी फोड मोजला नसेल, तर येणारा ‘हो’ आणि ‘नाही’ हे दोन्ही निकाल फसवे असू शकतात. त्यापेक्षा पूर्वेतिहास नीट विचारणारे आणि अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी ठेवणारे डॉक्टर मला अधिक भरवशाचे वाटतात.

प्रश्न : माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीला लस दिल्यावर दोन मिनिटांत ती पांढरीफटक पडली, घामाने डबडबली आणि कोसळली, हातपायही झटकले. आडवे केल्यावर मिनिटभरात ती शुद्धीवर आली. तिच्या कार्डावर ‘लसीची तीव्र अ‍ॅलर्जी’ असे लिहिले आहे. पुढचा डोस द्यावा का?

उत्तर : आपल्या वर्णनावरून ही अ‍ॅलर्जी नसून घेरी वाटते. घेरीत त्वचा पांढरी आणि गार पडते, नाडी मंदावते आणि आडवे केले की व्यक्ती लवकर सावरते. शुद्ध हरपताना हातपाय झटकणेही त्यात असू शकते. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये सहसा त्वचा लाल होते, खाजते, गांधी उठतात, नाडी वेगाने चालते, खोकला किंवा घरघर सुरू होते आणि केवळ आडवे केल्याने ते थांबत नाही. अपवाद असतात, म्हणूनच त्या वेळी नाडी आणि रक्तदाब लिहून ठेवला होता का, हे विचारावे. इंजेक्शनच्या भीतीने आणि ताणाने होणाऱ्या अशा त्रासाची जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये स्वतंत्र वर्ग म्हणून दखल घेतली आहे. लसीनंतरचे अ‍ॅनाफिलॅक्सिस खरे होते का, हे ठरवण्यासाठी ब्रायटन कोलॅबोरेशन या आंतरराष्ट्रीय गटाने २००७ मध्ये निकष प्रसिद्ध केले. त्यांत निदानाच्या खात्रीच्या पायऱ्या ठरवल्या असून ‘पुरेसा पुरावा नाही’ ही एक स्वतंत्र पायरीच आहे.

लसीमुळे खरे अ‍ॅनाफिलॅक्सिस होण्याचे प्रमाण अत्यल्प आहे. अमेरिकेत अडीच कोटींहून अधिक डोसांच्या नोंदी तपासल्या असता ३३ प्रसंग आढळले, म्हणजे दर दहा लाख डोसांमागे साधारण १.३. जेव्हा ते होते, तेव्हा लसीतील इतर घटकही तपासावे लागतात, आणि गोवर व कांजिण्यांच्या काही लसींत असणारे जिलेटिन हा त्यांतला एक सिद्ध झालेला घटक आहे. अंड्याची भीती मात्र आता मागे पडली आहे. अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनाही इन्फ्लुएन्झाची लस देता येते. कोविडच्या एमआरएनए लसींच्या पहिल्या डोसानंतर तत्काळ रिअ‍ॅक्शन आलेल्या १८९ जणांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १५९ जणांनी दुसरा डोस घेतला आणि त्या सर्वांना तो सोसला. आपल्या मुलीच्या बाबतीत डॉक्टरांनी घेरीचे निदान मान्य केल्यास कार्डावरील नोंद दुरुस्त करून घ्यावी, आणि पुढचा डोस तिला आडवे झोपवून द्यावा व त्यानंतर किमान १५ मिनिटे तिला तशीच निजवून ठेवावे.

प्रश्न : माझ्या भावाला फिट्ससाठी कार्बामॅझेपिन सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी ताप आला, तोंडात फोड आले, डोळे लाल झाले आणि कातडी सोलवटली. डॉक्टर म्हणतात की चाचणीसाठीसुद्धा ते औषध पुन्हा द्यायचे नाही. मग निदान पक्के कसे होणार?

उत्तर : त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. ही मास्ट पेशींची नव्हे, तर टी पेशींची (रोगप्रतिकारशक्तीतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) रिअ‍ॅक्शन आहे. ती काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी उमटते आणि जिवावर बेतू शकते. तिच्यासाठी ट्रिप्टेज किंवा टोचून करायची त्वचेची चाचणी उपयोगाची नाही, आणि औषध पुन्हा देणे निषिद्धच आहे. निदान होते ते औषध कधी सुरू झाले याच्या दिनांकवार नोंदीवरून, त्वचेच्या आणि डोळ्या-तोंडाच्या तपासणीवरून आणि गरज पडल्यास त्वचेचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून. फेनिटोइन, फेनोबार्बिटल, ऑक्सकार्बाझेपिन आणि लॅमोट्रिजिन यांविषयीही मेंदूविकारतज्ज्ञांशी आधी बोलावे, कारण त्यांतही हा धोका असतो. एचएलए-बी १५:०२ हा जनुकीय प्रकार असलेल्यांमध्ये कार्बामॅझेपिनचा हा धोका पुष्कळ वाढतो. तो प्रकार आनुवंशिक असल्याने आपल्याला किंवा दुसऱ्या भावंडाला पुढे कधी हे औषध सुचवले गेले, तर सुरू करण्यापूर्वी ती तपासणी करून घ्यावी. मात्र ती तपासणी ‘निगेटिव्ह’ आली, तरी औषधाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत ताप, तोंडातले फोड किंवा दुखरी त्वचा दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.