उन्हाळ्यात ब्रॉयलरची पहिली बॅच घेताना

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. अंगाचं तापमान 41 ते 42 अंशांच्या आसपास टिकवायला ती आधी पंख अंगापासून दूर धरते, आणि तेवढ्यानं भागलं नाही की चोच उघडून धापा टाकते. धापांमुळे पाण्याची वाफ होऊन अंग निवतं खरं, पण श्वासावाटे कार्बन डायऑक्साइडही जास्त जातो, रक्तातली आम्लता कमी होते आणि पक्षी खाणं सोडतो. म्हणून धापा दिसायच्या आधीच उपाय सुरू करा.

खाद्य पचतानाही उष्णता तयार होते. सकाळी 10 ला फीडर (खाद्याची टांगती भांडी) वर उचला, 5 नंतर खाली सोडा. मर दिसल्यावर उचलून फारसा उपयोग नाही, पोटात गेलेलं दुपारभर पचतच राहतं. संध्याकाळी एकदम झुंबड उडते, तेव्हा सगळे फीडर एकाच वेळी खाली यायला हवेत.

पाणी टाकीत नव्हे, निपलपाशी (पक्षी चोच लावून पाणी पितात त्या तोटीपाशी) हातावर घेऊन बघा. कोमट लागलं तर पाइपलाइनमधलं पाणी सोडून द्या, टाकीवर ओली गोणपाटं घाला.

फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारं यंत्र) पंख्याशिवाय चालवू नका. दोन-तीन मिनिटं चालवून थांबा. जमिनीवर अंथरलेलं तूस भिजलं की अमोनिया सुटतो. विदर्भाच्या कोरड्या हवेत फॉगर छान काम देतो. कोकणात हवाच दमट, तिथं वाफ होणार कशी? तिथं पैसे पंख्यांवर घाला, आणि पक्ष्यांची दाटी कमी ठेवा.

लसीकरण, वजन, पकडणं हे सगळं पहाटे उरका.