आखाजीचं ऊन आणि ब्लोअरची हवा

प्रश्न : नाना, नमस्कार. मी शहाद्याकडचा पपई बागायतदार. माझ्याकडे २०२३ ची जिम्नी आहे, मॅन्युअल. आता ती फक्त मातीतल्या स्पर्धांसाठी ठेवलीय, रस्त्यावर चालवत नाही, ट्रॉलीवर घालून नेतो. टायर २३५/७५ आर १५ टाकलेत. तापीच्या रेतीत आणि खड्या चढावर खालच्या आरपीएमला इंजिन मरतं. आमच्या अहिराणीत सांगायचं तर गाडी चढस, पन दम तुटस. शालक जपानी बनावटीचा जुना ५०० सीसीचा सुपरचार्जर आणतोय. इथला मेकॅनिक म्हणतो, दोन दिवसांत बसवून देतो, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आपोआप शिकून घेईल. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आठवड्यात स्पर्धा आहे. बसवू का?

उत्तर : भाऊ, ब्लोअर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबणारा तुमचा सुपरचार्जर, बसेल. पण ईसीयू शिकून घेईल हे अजिबात धरून चालू नका, आणि आखाजीची घाईही नको.

रस्त्यावर चालवत नाही हे तुम्ही आधीच लिहिलंत ते बरं केलंत. रस्त्यावरच्या गाडीला मी ब्लोअर बसवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण. तेव्हा ट्रॉलीचा नियम मोडू नका, घरापासून पेट्रोल पंपापर्यंतसुद्धा.

ब्लोअरच्या आधी टायरचं बोलू. कंपनीचा टायर १९५/८० आर १५, त्याचा व्यास सुमारे ६९३ मिलिमीटर. तुमचा ७३३ च्या वर जातो. म्हणजे प्रत्येक गिअर जवळपास ६ टक्क्यांनी लांब झाला, आणि चाकाचं वजन वाढलं ते वेगळंच. इंजिन खालच्या आरपीएमला मरतं त्यातला चांगला वाटा इथेच आहे. रेतीत टायरची हवा १५-१६ पीएसआयपर्यंत उतरवा, ट्रान्सफर केस ४-एलमध्ये (चारही चाकांचा हळू पण जोरदार गिअर) टाका आणि एकदा मूळ टायरवर तोच चढ चढून बघा. एवढं करूनही कमी पडलं, तर पुढचं वाचा.

तुमचं इंजिन १४६२ सीसीचं. चार स्ट्रोकचं असल्यामुळे दर फेऱ्याला त्याच्या निम्मी, म्हणजे ७३१ मिली हवा ओढणार. प्रत्यक्षात ६६० धरा. ब्लोअर दर फेऱ्याला ५०० मिली ढकलतो. क्रँकची पुली १४० मिलिमीटर आणि ब्लोअरची ७० ठेवली, तर इंजिनाच्या एका फेऱ्यात ब्लोअरचे दोन फेरे होतात. १००० मिली. रोटरच्या फटीतून गळती वजा जाता ८५०. ६६० च्या जागी ८५० म्हणजे तीसेक टक्के जास्त हवा. गेजवर साधारण ०.४ बार, जवळपास ६ पीएसआय दाब दिसेल. कंपनीचा टॉर्क १३४ न्यूटन मीटर आहे, तो १६५ च्या आसपास जाईल. आणि हा दाब खालपासून मिळतो, टर्बोसारखी वाट बघावी लागत नाही. रेतीसाठी नेमकं हेच हवं. याहून लहान पुली टाकायचा मोह मात्र आवरा. तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन १०:१ आहे, आणि आतले पिस्टन बिनब्लोअरच्या गाडीसाठी बनलेत.

बसवण्याचं काम लेथवाल्याचं आहे, आणि आपल्याकडे जळगाव-भुसावळला हात बसलेले लेथवाले आहेत. ब्रॅकेट जाड प्लेटचं करा, पातळ प्लेट दाबाखाली वाकते. पुल्या एका रेषेत आहेत की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. सरळ पट्टी लावा, १ मिलिमीटरचाही फरक ठेवू नका. ब्लोअरच्या पुलीला पट्ट्याची मिठी निम्म्या घेरापर्यंत तरी हवी, नसेल तर आयडलर वाढवा. पहिल्या फेरीनंतर ब्रॅकेटवर बोट फिरवून बघा. बोटाला काळी भुकटी लागली आणि जळक्या रबराचा वास आला, तर पट्टा घसरतोय. शालकाने ब्लोअर आणला की आधी हाताने फिरवा. शाफ्टला खेळ असेल किंवा रोटर आत कुठे घासत असतील, तर तो ब्लोअर परत करा. त्याच्या गिअरचं तेल वेगळं असतं, ते बदला. बायपास व्हॉल्व्ह लावायचाच, नाहीतर पाय उचलल्यावरही ब्लोअर हवा दाबत बसतो आणि तापतो. पीसीव्हीच्या (क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात नेणाऱ्या) नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह टाका. तो विसरलात तर दाब क्रँककेसमध्ये शिरून सील फोडतो.

हे सगळं दोन दिवसांत होईलही. तुमच्या मेकॅनिकचं तेवढं बरोबर आहे. खरं काम त्याच्यानंतर सुरू होतं, आणि आपल्या खानदेशात ते इतर ठिकाणांपेक्षा अवघड आहे. कारण आपलं ऊन.

हवा दाबली की तापते. ०.४ बारला अशा रूट्स जातीच्या ब्लोअरमध्ये हवेचं तापमान पन्नास-साठ अंशांनी चढतं. डिसेंबरात सकाळी १५ अंशांची हवा आत गेली तर ७० ची होऊन निघते. आखाजीच्या दुपारी ४५ ची गेली तर १०० च्या वर. त्याच गाडीला, त्याच पुलीवर, त्याच पेट्रोलवर. पुण्यात हिवाळ्यात डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर) गोड चाललेली गाडी आपल्याकडे मे महिन्यात पिस्टन खाते ती यामुळे.

हे मी माझ्या हाताने भोगलंय. माझी जुनी जिप्सी मी अशीच स्पर्धेसाठी केली होती. ब्लोअर, मोठे इंजेक्टर, बाहेरचा ईसीयू, सगळं नीट. जानेवारीत ट्यून केली, दोन स्पर्धा छान झाल्या. मे महिन्यात नदीपात्रात तिसऱ्या फेरीला आवाज बदलला आणि ऑइलच्या झाकणातून धूर यायला लागला. हेड उघडलं तर तीन नंबरच्या पिस्टनची एक्झॉस्टकडची कड उंदराने भाकरी कुरतडावी तशी खाल्लेली, वरच्या दोन रिंगांमधली पट्टी तुटलेली. चूक माझी होती. हवेच्या तापमानाचा सेन्सर मी मूळ जागी, एअर फिल्टरच्या डब्यात, ठेवला होता. तो ब्लोअरच्या आधीचं तापमान सांगत होता, ४८ अंश. सिलिंडरमध्ये जाणारी हवा शंभरच्या वर होती आणि ईसीयू बिचारा ४८ समजून टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, देत होता. तो पिस्टन मी गॅरेजात ठेवलाय. ब्लोअर विचारायला पोरं आली की आधी त्यांच्या हातात तो देतो.

म्हणून सेन्सर ब्लोअरच्या आणि दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पुढे, मॅनिफोल्डच्या तोंडाशी. उघड्या टोकाचा, पटकन बदल दाखवणारा घ्या. आणि त्याचं अंग ॲल्युमिनियमला थेट टेकू देऊ नका, मध्ये प्लॅस्टिकचा बूच ठेवा. नाहीतर गाडी दहा मिनिटं उभी राहिली की तो हवेचं सोडून धातूचं तापमान सांगायला लागतो.

इंटरकूलर पाण्याचा लावा. हवेचा इंटरकूलर गाडी पळत असेल तर काम करतो, रेतीत तुमचा वेग ताशी १० किलोमीटर. पाण्याचा वेगळा छोटा रेडिएटर पुढे, त्याला स्वतःचा पंखा, विजेचा पंप आणि शक्य तितकी मोठी टाकी. फेरीच्या आधी टाकीत बर्फ टाकता आला तर उत्तम. स्पर्धेत फेरी पाच-सात मिनिटांची असते, तेवढा वेळ बर्फ तग धरतो.

आता ईसीयूचं. कंपनीचा ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून इंधन थोडंफार कमी-जास्त करतो हे खरं, पण ते हलक्या पायावर. पूर्ण रेसला तो आपल्या ठरलेल्या तक्त्यावर चालतो, आणि त्या तक्त्यात दाबाच्या हवेचा रकानाच नसतो. बिनब्लोअरच्या गाडीचा मॅप सेन्सरही (मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब मोजणारा) बहुधा वातावरणाच्या दाबापुरताच वाचतो, त्यापुढे आंधळा. म्हणजे हवा तीस टक्के जास्त, पेट्रोल तेवढंच. २ बारपर्यंत वाचणारा मॅप सेन्सर आणि पिगीबॅक (मूळ ईसीयूला जोडायचा जास्तीचा डबा) किंवा पूर्ण वेगळा ईसीयू लागणार. जिम्नीत पिगीबॅक सोपा पडतो, कारण मूळ ईसीयू काढला की एबीएस आणि मीटर त्याला शोधत बसतात.

इंजेक्टर १४० एचपीच्या हिशेबाने घ्या. साध्या पेट्रोलवर प्रत्येकी मिनिटाला २७५ मिली पुरले असते. आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, त्याला आठेक टक्के जास्त लागतं, म्हणून ३०० मिली धरा. रेलमधला दाब कायम ३ बार असेल आणि मॅनिफोल्डमधून ०.४ बार उलटा रेटत असेल, तर इंजेक्टरला २.६ च उरतात, तेही हिशेबात ठेवा. हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं वाइडबँड गेज लॅम्डामध्ये वाचा, त्यात नेमकं प्रमाण म्हणजे १ आणि त्याखाली पेट्रोल जास्त. जुने लोक १४.७ चा आकडा धरून बसतात, पण ई-२० चा तो आकडा साडेतेराच्या जवळ आहे. लॅम्डा पेट्रोल कुठलंही असो, तोच राहतो. दाबाखाली ०.८० च्या आसपास ठेवा. प्लग एक नंबर थंड जातीचे, गॅप ०.७ मिलिमीटर.

टायमिंगला सुरुवात करताना दर पीएसआयला एक अंश मागे घ्या, म्हणजे सहा अंश. त्यानंतर तापमानाच्या तक्त्यात ५० अंशांच्या वर हवा गेली की आणखी मागे, ७० ला आणखी. हा तक्ता ज्याने रिकामा सोडला त्याने ट्यूनिंग केलंच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पूर्ण रेसचं काम डायनोवर करा, हायवेवर नाही.

ठोका, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी भडकल्याचा आवाज, ऐकायला मी अजून तांब्याची नळी वापरतो. एक टोक चपटं करून भोक पाडायचं, इंजिन ब्लॉकच्या बोल्टखाली आवळायचं, दुसऱ्या टोकाला रबरी नळी आणि कानाला जाड इअरमफ. तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटायला लागल्यासारखा आवाज आला की पाय काढायचा, त्या रकान्यातून दोन अंश मागे. मग प्लग काढून भिंगाखाली बघा. पांढऱ्या चिनी मातीवर मोहरीहून बारीक काळे, चकाकते ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. त्या दिवशी गाडी पुन्हा सुरू करायची नाही.

आणि हे सगळं मे महिन्यात, दुपारी दोन वाजता करायचं. डायनोवाला सकाळी लवकर या म्हणेल. त्याला सांगा, मी दुपारीच येणार.

या आखाजीला मूळ टायर लावून, हवा उतरवून खेळा. ब्लोअर मे महिन्यात ट्यून करून घ्या आणि त्या आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून मला कळवा. चारांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आधी इंजिनाचं काम करावं लागेल.

प्रश्न : नाना, आमच्या घरच्या चार सिलिंडरच्या एसयूव्हीसाठी मुलाने इलेक्ट्रिक सुपरचार्जर मागवायचं ठरवलंय. छोटा पंखा आहे, एअर फिल्टरच्या नळीत बसतो, बॅटरीवर चालतो. दोन-तीन हजारांत मिळतो. घेऊ द्यावा का? (एक गृहिणी, रावेर)

उत्तर : ताई, नका घेऊ देऊ. वरच्या जिम्नीचाच हिशेब मुलाला दाखवा. ६,००० आरपीएमला तेवढी हवा ०.४ बारने दाबायला साडेपाच किलोवॅटच्या आसपास ताकद लागते. म्हणजे तुमच्या केळीच्या मळ्यात विहिरीवर साडेसात एचपीची मोटर असेल ना, जवळपास ती. १२ व्होल्टच्या बॅटरीवर हे ४५० अँपिअर होतात. त्या पंख्याला आलेली वायर बघा, शिवणाच्या दोऱ्यापेक्षा थोडी जाड असेल. त्यातून दहा अँपिअरही धड जाणार नाहीत. उलट पूर्ण रेसला तो पंखाच हवेच्या वाटेत आडवा येतो, आणि त्याचं प्लॅस्टिकचं पातं तुटलं तर थेट इंजिनाच्या तोंडाशी जातं. त्या पैशांत एअर फिल्टर आणि प्लग बदलून घ्या. आपल्याकडच्या धुळीत फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या निम्म्यात भरतो.